गाडी भाड्याची, मैदान त्यांचं

विक्रीकर खात्यात उभी हयात गेलेला माणूस बिलातली एकूण रक्कम सगळ्यात शेवटी बघतो. ह्यूस्टनला मुलाकडे गेलो, तेव्हा विमानतळावरूनच गाडी भाड्याने घेतली. सूनबाई किल्ली घेऊन निघाली तरी मी काउंटरशी कागद वाचत उभा. भाड्याखाली पाच-सहा ओळी आणि त्यांना मिळून एकच मथळा: ‘कर आणि शुल्क’. आमच्या खात्याच्या हद्दीत कोणी असा मथळा छापला असता, तर नोटीस गेली असती.

कर सरकारजमा होतो. शुल्क कोणाच्या गल्ल्यात पडतं ते ओळीगणिक शोधावं लागतं. ‘कन्सेशन रिकव्हरी’ घ्या. विमानतळावर धंदा करू दिल्याबद्दल कंपनी विमानतळाला उत्पन्नातला वाटा देते, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी १० टक्के. देणं कंपनीचं, पण ते गिऱ्हाइकाकडून काढतात आणि दर लावतात ११.११ टक्के! वरचा टक्का लाटला, असं कोणालाही वाटेल. हिशेब मांडून बघा. १०० डॉलर भाड्यावर ११.११ घेतले की वसुली १११.११, तिचे १० टक्के पुन्हा ११.११. कंपनीच्या हाती पुरते १०० उरतात. दाद द्यावी असा चोख हिशेब आहे, फक्त त्याला कराच्या रांगेत बसवू नये.

‘फॅसिलिटी चार्ज’ दिवसागणिक लागतो. त्यातून गाड्यांचं सामायिक केंद्र आणि टर्मिनलवरून तिथे नेणाऱ्या बस चालतात. हे पटतं, बसमध्ये आपणच बसलेले असतो.

खरे कर दोन. टेक्सास राज्याचा १० टक्के. करार ३० दिवसांपेक्षा लांबला तर तो ६.२५ वर येतो, हे दीड-दोन महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी ध्यानात ठेवावं. दुसरा हॅरिस काउंटीचा, ५ टक्के, आणि तो चक्क स्टेडियमसाठी! १९९६ साली तिथल्या मतदारांनी नव्या क्रीडांगणांना होकार दिला, १९९७ मध्ये क्रीडा प्राधिकरण झालं, कर्ज काढून बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉलची स्टेडियमं उभी राहिली. कर्जाची फेड हॉटेलात उतरणाऱ्यांच्या आणि गाडी भाड्याने घेणाऱ्यांच्या खिशातून. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण युक्ती ओळखीची आहे. आपल्याकडे पोरं हमरस्त्यावर ट्रक अडवून वर्गणीची पावती फाडतात, तीच ही. ट्रकवाल्याचं मत त्या गावात नसतं.

गाडी शहरातल्या शाखेतून घेतली, तर कन्सेशन आणि फॅसिलिटीच्या ओळी सहसा गळतात. तिथवरच्या टॅक्सीचं भाडं मात्र त्यात धरा. दोन दिवसांसाठी हा खटाटोप क्वचितच परवडतो, पंधरवड्यासाठी परवडू शकतो. स्टेडियमचे ५ टक्के काउंटीत कुठूनही गाडी घ्या, लागतातच.