पडद्यामागचा आवाज शिकायला निघताना

'स्लमडॉग मिलेनिअर'ला २००९ साली ऑस्कर मिळाले, तेव्हा आपल्याकडे ए. आर. रहमान आणि रसूल पूकुट्टी ही दोन नावं एका दमात घेतली गेली. दोघांनाही पुरस्कार 'म्युझिक'साठीच मिळाला, असं तेव्हा अनेकांना वाटलं आणि अजूनही वाटतं. रहमान यांचे पुरस्कार पार्श्वसंगीत आणि गाणं यांसाठी होते. पूकुट्टी यांना इयन टॅप आणि रिचर्ड प्राइक यांच्यासह मिळालेला पुरस्कार साउंड मिक्सिंगचा होता. त्यात पूकुट्टींचा वाटा होता तो मुंबईच्या गर्दीत, प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या जागी आवाज टिपण्याचा. संगीताशी त्या कामाचा थेट संबंध नव्हता.

पूकुट्टी पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेतून १९९५ साली बाहेर पडले. लॉ कॉलेज रस्त्यावर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली ही संस्था सुरू झाली. तिथला साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेतही असाच अभ्यासक्रम चालतो. या अभ्यासक्रमांना जायचं मनात असलेली मुलं आणि त्यांचे आईवडील पहिला प्रश्न बहुधा हाच विचारतात : 'गाणं-बजावणं येत नाही, मग चालेल का?' चालेल. सूर ओळखणारा कान असला तर फायदाच होतो, पण इथे काम आहे ते पडद्यावरच्या जगाला आवाज देण्याचं. संवाद, पावलं, दाराची कडी, लांबचा रस्ता, पंख्याची घरघर आणि या सगळ्यांत कुठे काय थांबवायचं याचा निर्णय, हे त्या कामाचं स्वरूप. संगीतकार त्याच टेबलाशी येऊन बसतो, पण त्याची खुर्ची वेगळी.

दुसरा गैरसमज थेट उलट दिशेचा : हा विज्ञानाचा विषय, इंजिनिअरच हवा. एफटीआयआयला पदवी कुठल्याही शाखेची चालते. बारावीच्या भौतिकशास्त्राबद्दलची अट किंवा शिफारस संस्थेगणिक आणि वर्षागणिक बदलत आली आहे, तेव्हा अर्ज करण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचावी. भौतिकशास्त्र लागतं हे मात्र खरं, आणि ते किती हाताशी येतं हे सेटवर कळतं. माणूस बोलतोय आणि बूमवरचा माइक त्याच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर आहे. कॅमेरामन म्हणाला, 'फ्रेममध्ये येतोय, वर घे.' माइक एक मीटरवर गेला की थेट पोचणारा आवाज सहा डेसिबलनी उतरतो. खोलीतला एसी, खिडकीबाहेरची रिक्षा मात्र होती तेवढीच राहते. म्हणजे आवाज 'लहान' झाला एवढंच नाही, तर माणूस आपल्यापासून दूर गेला आणि खोली जवळ आली. हे नंतर खुंटी पिरगाळून दुरुस्त होत नाही, कारण आवाज वाढवला की एसीही वाढतो. म्हणूनच बूम धरणारा सहायक त्या वीतभर अंतरासाठी शॉटभर हात ताणून उभा असतो. त्याच्याकडे 'काठी धरणारा पोरगा' म्हणून पाहणाऱ्यांनी एकदा हेडफोन लावून ऐकावं.

आता सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज. प्रेक्षकांना वाटतं, पडद्यावर जे ऐकू येतं ते शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड झालेलं असतं. थोडी माहिती असलेल्यांना वाटतं, आपल्याकडे सगळं नंतर स्टुडिओतच बनतं. दोन्ही अर्धवट आहे, आणि इतिहास पाहिला तर का ते कळतं. १९३१च्या 'आलम आरा'च्या काळात आवाज चित्रीकरणाच्या क्षणीच पकडण्याशिवाय इलाज नव्हता. जवळून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज टाळायला त्याचं बरंच चित्रण रात्री झालं, असं सांगितलं जातं. पुढे खडखडणारे कॅमेरे आणि बाहेरचं चित्रीकरण वाढलं, तशी संवाद नंतर डब करण्याची पद्धत आपल्याकडे घट्ट बसली. २००१च्या 'लगान'मध्ये नकुल कामटे यांनी जागेवरच आवाज टिपला आणि ही पद्धत, म्हणजे सिंक साउंड, मोठ्या हिंदी चित्रपटांत पुन्हा प्रतिष्ठेची झाली.

या गोंधळाची किंमत किती, ते २०२२ साली दिसलं. ६८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सिंक साउंडच्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार 'डोल्लू' या कन्नड चित्रपटाला जाहीर झाला. त्यावर चित्रपटाचे साउंड डिझायनर नितिन लुकोस यांनीच जाहीरपणे सांगितलं की हा चित्रपट डब केलेला आहे. पूकुट्टी यांनीही तोच मुद्दा मांडला. त्याच वर्षी साउंड डिझाइनचा पुरस्कार 'मी वसंतराव'साठी अनमोल भावे यांना मिळाला, ही मराठीसाठी आनंदाची गोष्ट. पण 'डोल्लू'च्या प्रसंगाने दाखवलं की जागेवर टिपणं, रचणं आणि मिसळणं ही तीन निरनिराळी कसबं आहेत हे जाणकारांच्या समितीलाही सहज ओळखू येत नाही. पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत या तिन्हींऐवजी 'साउंड डिझाइन' हा एकच पुरस्कार ठेवला गेला. ऑस्करनेही २०२१पासून आवाजाचे दोन विभाग एकत्र केले. मला हे पटलेलं नाही. पुरस्कार एक झाला म्हणून कामं एक होत नाहीत, आणि सेटवर उन्हात उभा राहणारा माणूस अशा वेळी सगळ्यांत आधी विसरला जातो.

'सगळे आवाज इंटरनेटवर तयार मिळतात, मग शिकायचं काय?' हा प्रश्नही नेहमीचा. ध्वनिसंग्रह असतात, रोज वापरले जातात, त्यात कमीपणा नाही. अडचण जागेची आणि ऋतूची आहे. पावसाच्या तोंडावर 'पेर्ते व्हा' म्हणणारा पावशा डिसेंबरातल्या दृश्यात ओरडला, तर शेतकऱ्याच्या घरातला प्रेक्षक मान वर करून पाहतो. परदेशी संग्रहातली 'गावाची सकाळ' लावली की मराठवाड्यातल्या बांधावर युरोपातले पक्षी गायला लागतात. एसटी थांब्यावर उभी असताना तिचं इंजिन कसं धडधडतं, सांगलीकडच्या उसाच्या ट्रॉलीच्या साखळ्या कशा वाजतात, कोकणातल्या कौलांवरचा पाऊस आणि पत्र्यावरचा पाऊस यांत फरक काय, हे ज्याने ऐकलंय त्याच्याकडे आपसूकच मोठं भांडवल असतं. लहान गावांतून येणाऱ्या मुलांनी या बाबतीत मुळीच दबून राहू नये.

एका दृश्याचं उदाहरण घेऊ. टपरीवर दोन मित्र बसलेत, एक सांगतोय की तो नोकरी सोडतोय. चित्रीकरणाच्या जागी आपण फक्त दोघांचं बोलणं शक्य तितकं स्वच्छ टिपतो आणि शॉट संपल्यावर सगळ्यांना अर्धा मिनिट स्तब्ध उभं करून त्या जागेची नुसती शांतता रेकॉर्ड करतो. संकलनात दोन वाक्यांच्या मधल्या फटी याच शांततेने भरायच्या असतात. स्टोव्ह, उकळणारं दूध, ग्लास विसळण्याचा आवाज नंतर वेगवेगळा येतो. फोलीच्या खोलीत एक कलाकार पडद्याकडे बघत चपला घासतो, बाक करकरवतो. मग प्रश्न उरतो : 'सोडतोय' या शब्दाच्या वेळी स्टोव्ह चालू ठेवायचा की नाही? ठेवला तर बातमी रोजच्या गजबजाटात विरून जाते. हळूच काढून घेतला तर ऐकणाऱ्या मित्राच्या कानांनी आपण ऐकायला लागतो. सॉफ्टवेअर दोन्ही करून देतं. कुठलं करायचं हे पटकथा वाचता येण्यावर अवलंबून आहे, आणि तीन वर्षांतला मोठा काळ त्यासाठीच लागतो. म्हणून दिग्दर्शन, छायांकन, संकलनाच्या मुलांबरोबर एकत्र चित्रपट पाहणं आणि त्यांच्या फिल्मवर काम करणं हा अभ्यासक्रमाचा गाभा आहे. महागडा माइक आधी विकत घेऊन ठेवण्याची गरज नाही. फोनवर रेकॉर्ड करून पुन्हापुन्हा ऐकण्याची सवय जास्त उपयोगाची.

'जोरात म्हणजे चांगलं' हा समज तर चित्रपटगृहांनीच पोसलाय. डॉल्बी अ‍ॅटमॉस २०१२ साली आलं आणि आवाज डोक्यावरूनही येऊ लागला, त्यामुळे तो आणखी बळावला. पण मोठा आवाज मोठा वाटायला त्याच्या आधी शांत जागा लागते. शिवाय घरी बघायचं मिश्रण वेगळं. नेटफ्लिक्स संवादांची सरासरी पातळी उणे २७ एलकेएफएसच्या (आवाजाची पातळी मोजण्याचं एकक) आसपास मागतं, दोन्ही बाजूंना दोन एककांची सूट देऊन. रात्री शेजारी झोपले असताना संवाद कळावा, याचं गणित त्या अंकात आहे.

'पण हा तर डिप्लोमा, पदवी कुठे?' असं काही पालक अजून विचारतात. भारतीय विश्वविद्यालय संघाने एफटीआयआयच्या तीन वर्षांच्या डिप्लोमांना पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानलं होतं आणि २०२५ साली पुणे व कोलकाता या दोन्ही संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेव्हा पुढे पीएचडी किंवा अध्यापन करायचं असेल, तर कागदाची धास्ती बाळगण्याचं कारण नाही.

कामाबद्दल मात्र स्पष्ट बोललेलं बरं. बाहेर पडल्या पडल्या 'साउंड डिझायनर' अशी पाटी क्वचितच मिळते. बहुतेकांची सुरुवात होते ती अंधेरी-गोरेगावच्या एखाद्या स्टुडिओत संवाद संकलनाने : शेकडो टेक ऐकायचे, श्वास जुळवायचे, कपड्यावरच्या माइकची घासाघीस काढायची. कुणी माहितीपटांच्या चमूबरोबर फिरतं, कुणी जाहिराती किंवा गेम्सकडे वळतं. पहिली काही वर्षं उत्पन्न अनियमित असतं आणि मुंबईत घरभाडं दर महिन्याला द्यावंच लागतं. तेवढी तजवीज घरच्यांशी बोलून आधी करावी, आणि प्रवेशाची तयारी म्हणून आजपासून रोज एक दृश्य आधी चित्र बंद करून नुसतं ऐकावं, मग आवाज बंद करून नुसतं बघावं आणि काय सुटलं ते वहीत लिहावं.