गर्भवतीचा वांग आणि सनस्क्रीनमधील ऑक्सिबेन्झोन

गरोदरपणात गालांवर व कपाळावर वांग दिसू लागला की रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांकडे जाते आणि सनस्क्रीनची नळी घेऊन येते. "डॉक्टर, बाळाला हे बाधणार नाही ना?" हा प्रश्न मात्र ती आम्हां स्त्रीरोगतज्ज्ञांस विचारते. 'वरून लावायचे औषध, पोटात थोडेच जाते!' हे पूर्वापार चालत आलेले उत्तर आता टिकत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत २४ निरोगी व्यक्तींच्या अंगाच्या पाऊण भागावर चार दिवस, रोज चार वेळा, सनस्क्रीन लावण्यात आले. चारपैकी तीन उत्पादनांत ऑक्सिबेन्झोन होते. त्याची रक्तद्रवातील सरासरी उच्चतम पातळी दर मिलिलिटरला १६९ ते २१० नॅनोग्रॅम निघाली. ०.५ नॅनोग्रॅमच्या वर गेलेल्या घटकाची विषशास्त्रीय तपासणी व्हावी, असा तेथील संकेत आहे. हा आकडा धोक्याची रेषा म्हणून वाचणे चूक ठरेल. 'याचा अभ्यास करा' एवढाच त्याचा अर्थ. शिवाय केवळ चेहऱ्याला लेप लावणारी गर्भवती आणि अंगभर थर देणारा स्वयंसेवक यांत अंतर आहेच.

तरीही गर्भजलात आणि नाळेच्या रक्तातही हा पदार्थ सापडला आहे. त्याचा बाळावर काय परिणाम होतो, हे सांगणारा पुरावा अजून विरळ आहे. न्यूयॉर्कमधील ४०४ मातांच्या अभ्यासात (२००८) मूत्रातील ऑक्सिबेन्झोन जास्त असलेल्या मातांच्या मुलींचे जन्मवजन कमी, तर मुलग्यांचे उलट अधिक आढळले. असा दुतोंडी निष्कर्ष मला तरी सावध करतो. हा पदार्थ शरीरातून लवकर निघून जातो, त्यामुळे एका वेळच्या मूत्रावरून महिनोन्‌महिन्यांचा संपर्क मोजणेही कठीण. चीनमधील २०१६ च्या अभ्यासाने त्याचा संबंध हिर्शस्प्रुंग रोगाशी जोडला. या रोगात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी पोहोचतच नाहीत. नवजात बाळाचे पोट फुगते, शी होत नाही. पेशींचे हे स्थलांतर पहिल्या बारा आठवड्यांतच पुरे होत असल्याने विषय गंभीर आहे, परंतु संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे.

तेव्हा रुग्णास घाबरवण्याचे कारण नाही, आणि पर्यायही सोपा आहे. झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड हे खनिज घटक त्वचेतून जवळजवळ शोषले जात नाहीत. नळीवरील यादीत ऑक्सिबेन्झोन 'बेन्झोफिनोन-३' या नावानेही लिहिलेले असते, हे रुग्णास दाखवून द्यावे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये चेहऱ्याच्या उत्पादनांत त्याचे प्रमाण कमाल ६ टक्के आणि अंगभर लावायच्या उत्पादनांत २.२ टक्के ठरवले. फवारा टाळावा, कारण तो श्वासातून आत जातो. छत्री आणि डोक्यावरचा पदर यांची शिफारस मी नेहमीच करते. वांग दृश्य प्रकाशानेही गडद होतो, म्हणून लोह ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे खनिज सनस्क्रीन अधिक उपयोगी. बाहेर असताना दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. बहुतेकींचा वांग प्रसूतीनंतर काही महिन्यांत फिका पडतो, हेही पहिल्याच भेटीत सांगावे.