ई-मेल नेमका कोणाचा?

समजा, वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीतील एका शाळेच्या नावाने पालकांना ई-मेल आला : 'परीक्षा शुल्क आजच पुढील खात्यात भरा.' प्रेषक म्हणून शाळेचाच पत्ता दिसतो आहे. पालकांनी पैसे भरावेत का?

टपालाच्या पाकिटावर प्रेषक म्हणून कोणाचेही नाव लिहिता येते. पोस्टमन त्याची खातरजमा करत नाही. ई-मेलचेही तसेच आहे. त्याच्या वाहतुकीचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले, तेव्हा संगणकांचे जाळे लहान होते. प्रेषक सांगेल ते खरे मानले जाई.

ही उणीव भरून काढणारे तीन उपाय आहेत. पत्त्यातील 'ॲट' चिन्हानंतरचा भाग म्हणजे डोमेन. डोमेनची एक जाहीर नोंदवही असते, तिला डीएनएस म्हणतात. ती कोणीही वाचू शकतो, पण आपल्या डोमेनच्या नोंदी शाळाच करू शकते.

पहिली नोंद एसपीएफची : 'आमची पत्रे एवढ्याच संगणकांवरून निघतात.' मात्र ही यादी पाकिटावरच्या पत्त्याशी ताडली जाते. ई-मेललाही पाकीट असते. आपण वाचतो तो पत्ता आतल्या पत्रावरचा. लबाड माणूस पाकिटावर स्वतःचे डोमेन घालून आत शाळेचा पत्ता लिहू शकतो!

दुसरी डीकेआयएमची. पाठवणारा संगणक गुप्त किल्लीने पत्रावर गणिती मोहोर उठवतो. ती तपासण्याची किल्ली नोंदवहीत असते. मोहोरबंद मजकूर वाटेत बदलला, तर मोहोर जुळत नाही. पण मोहोर भलत्याच डोमेनची असली तर?

म्हणून २०१२ साली डीमार्क आले. वरीलपैकी निदान एक तपासणी, दिसणाऱ्या पत्त्याच्याच डोमेनसाठी, पार पडली पाहिजे. न पडल्यास पत्र जाऊ द्यावे, संशयितांत टाकावे की नाकारावे, हेही शाळाच कळवते. प्रथम 'जाऊ द्या' लिहून अहवाल पाहावेत आणि आपली खरी पत्रे अडत नाहीत ना, याची खात्री झाल्यावर 'नाकारा' लिहावे. पहिल्याच पायरीवर थांबलो, तर तोतया पत्रे येतच राहतात.

शाळेच्या नावात एखादे अक्षर बदलून कोणी नवेच डोमेन घेतले, तर मात्र तिन्ही तपासण्या बिनतक्रार पार पडतात. संगणक डोमेन ओळखतो, हेतू नाही. पैशांची मागणी आली की शाळेला आधी फोन करावा, हे पालकांना सांगायला हवे.

जीमेलमध्ये 'मूळ संदेश' उघडला की या तपासण्यांचे निकाल दिसतात. आलेला एखादा ई-मेल वर्गात असा उघडून पाहा.