कानांनीं शिकावयाची इंग्रजी

ठाण्याहून सुटलेली धीमी गाडी कळव्यास येऊन उभी राहण्याच्या आधीं डब्यांतील ध्वनिक्षेपक तीन भाषांत एकच वार्ता सांगतो: पुढील स्टेशन कळवा, अगला स्टेशन कळवा, नेक्स्ट स्टेशन कळवा. हजारों उतारू ती रोज ऐकतात, आणि लक्ष देऊन कोणीच ऐकत नाहीं. आमच्या मतें मात्र नवशिक्यास इंग्रजी शिकावयाला याहून सोयीची, आणि तीहि फुकटची, पाठशाळा ह्या मार्गावर दुसरी नाहीं. अर्थ आधींच मराठींत कळलेला असतो. त्यामुळें तिसऱ्या वाक्याकडे कान निर्धास्तपणें लावतां येतो.

हें शहाणपण आम्हांस फार उशिरां सुचलें. निमित्त घडलें तें आमच्याच घरांत. आमच्या पुतण्यानें यंत्रशास्त्राची पदविका घेतल्यावर ठाणें-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यांत अर्ज केला. मुलाखतीची वेळ फोनवरून इंग्रजींत सांगण्यांत आली. सांगणाऱ्यानें 'थ्री फिफ्टीन' म्हटलें. आमच्या चिरंजीवांनीं 'थ्री फिफ्टी' ऐकलें. स्वारी साडेतीन वाजून गेल्यावर दारांत पोहोंचली, तों मुलाखती आटोपल्या होत्या. ह्याच मुलाला शालान्त परीक्षेंत इंग्रजींत उत्तम गुण होते. त्याचे वडील दोन दिवस त्याच्याशीं बोलले नाहींत.

विचार करतां दोष मुलाचा नव्हता असें आम्हांस वाटूं लागलें. 'फिफ्टी' ह्या शब्दांत जोर पहिल्या अवयवावर असतो. 'फिफ्टीन'मध्यें तो बहुधा दुसऱ्यावर पडतो आणि तेथील स्वरहि लांबतो. मराठींत आघात बदलल्यानें शब्दाचा अर्थ बदलत नाहीं, म्हणून आपला कान त्याचा शोधच घेत नाहीं. इंग्रजींतील दोन निरनिराळ्या उच्चारांस आपण एकच 'व' वापरतों, तेंहि ह्याच कारणानें. हें सारें छापलेल्या पानावर दिसत नाहीं. तें ऐकूनच कळावयाचें.

आपल्या घराण्यांतून इंग्रजीचें 'वाघिणीचें दूध' तीन-चार पिढ्या प्याली आहे, परंतु तें पुस्तकाच्या वाटीनें. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेनें किती कारकून, वकील व मास्तर घडविले याची गणतीच नाहीं, आणि त्या पाठमालेविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. मात्र मराठी वाक्य मनांत जुळवून, मग काळ-वचन तपासून इंग्रजी उत्तर द्यावयाचें, तोंवर समोरच्यानें फोन ठेवलेला असतो. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ डाक्क्यास असतां त्यांनीं १९२६ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, बंगाली विद्यार्थ्यास बोलण्यापेक्षां वाचनाचाच उपयोग अधिक. त्या काळीं तें खरेंहि असेल. आज औषधाच्या दुकानांतील मुलीलाहि दिवसांतून दहा वेळां इंग्रजी ऐकावें लागतें.

महाराष्ट्र सरकारनें २००० सालीं मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. परंतु पन्नास मुलांच्या वर्गांत चाळीस मिनिटांचा तास सारखा वांटला, तरी एकेकाच्या जिभेस मिनिटभरहि मिळत नाहीं. तेव्हां उरतें तें घर; आणि एकत्र कुटुंबांत ऐकणारे व बोलणारे यांचा तोटा नसतो.

आम्हीं रात्रीं जेवणें झाल्यावर अर्धा तास बैठक धरली. पुतण्या, औषधांच्या दुकानांत हिशेब ठेवणारी धाकटी सून, आणि केवळ गंमत म्हणून आमच्या मातोश्री. हॅरल्ड पामर यांनीं १९२५ सालीं टोकिओंत कृतींतून इंग्रजी शिकविण्याचें पुस्तक प्रसिद्ध केलें होतें. त्यांतील कल्पना आम्हीं उचलली. प्रथम विद्यार्थ्यानें बोलावयाचेंच नाहीं, केवळ आज्ञा ऐकून ती पाळावयाची. पेल्यांत चमचा टाक, पेला रेडिओच्या मागें ठेव, खिडकी लाव. सर्वांत जलद प्रगति मातोश्रींची झाली, कारण चुकण्याची लाज त्यांना नव्हती.

पुढें दोघांनीं एकमेकांकडे पाठ करून बसावयाचें, एकानें गाडीची वेळ, औषधाची किंमत, फोनचा आंकडा सांगावयाचा, आणि दुसऱ्यानें तो लिहावयाचा. ओठ व हातवारे दिसेनासे झाले कीं कानाची खरी परीक्षा होते. 'प्लीज से दॅट अगेन' आणि 'वन-फाइव्ह, ऑर फाइव्ह-झीरो?' हीं दोन वाक्यें आम्हीं सर्वांच्या तोंडीं बसविलीं. नवशिक्यास व्याकरणाच्या दहा नियमांहून हीं अधिक तारतात.

येथें स्वतःचा एक अपराध कबूल करणें प्राप्त आहे. सुनेनें एके दिवशीं दुकानांतील हकीकत सांगावयास घेतली आणि 'ही गो यस्टर्डे' म्हटलें. आम्हीं तेथल्या तेथें तिला थांबवून क्रियापदाचें भूतकाळी रूप विचारलें. ती तीन दिवस बैठकीस आली नाहीं. शेवटीं वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुम्हांला चूक तेवढी ऐकूं येते; ती काय सांगते आहे तें ऐकूंच येत नाहीं." २०१२ सालच्या 'इंग्लिश विंग्लिश' चित्रपटांतील गोडबोल्यांची शशी घरच्यांच्याच हंशानें खचते, तें पाहून आम्ही डोळे पुसले होते, आपल्या घरांत तेंच चाललें आहे हें मात्र ध्यानांत आलें नव्हतें. तेव्हांपासून चुका कागदावर टिपून ठेवतों, आणि बोलणें संपल्यावर एखादीच सांगतों.

सहा महिन्यांनीं पुतण्याला दुसऱ्या एका कारखान्याचा फोन आला. तो गॅलरींत उभा राहून बोलत होता. "वन-फाइव्ह?" असें त्यानें विचारलेलें आम्हीं आंतून ऐकलें, आणि मातोश्रींनीं जपाची माळ क्षणभर थांबविली. ती जागा त्यास मिळाली. तेथें सर्व बोलणें हिंदींतच चालतें, असें तो हंसत सांगतो. परंतु यंत्र बिघडून परदेशच्या कंपनीचा फोन आला, कीं रात्रपाळीचा मुकादम त्यालाच हांक मारतो.