शेवट ठाऊक नसलेला सूत्रधार : अद्भुतरम्य भूमिका-खेळाचे स्वरूप

कथनमीमांसा शिकविताना निवेदक, पात्र आणि वाचक ही तीन निरनिराळी स्थाने आहेत असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक जेथे टिकत नाही असा एक कथनप्रकार म्हणून मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिका-खेळाकडे पाहावे लागेल. राक्षस, जादूगार, तलवारी यांमुळे हा खेळ पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याचे व्यवच्छेदक लक्षण या सामग्रीत शोधणे चुकीचे ठरेल.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) हा या प्रकाराचा आद्य प्रकाशित नमुना. त्या तीन पुस्तिकांच्या शीर्षकात 'भूमिका' हा शब्द नाही. मध्ययुगीन अद्भुत युद्धखेळांचे नियम, एवढाच निर्देश आहे. मुळात हा युद्धखेळच होता. एकोणिसाव्या शतकातील प्रशियाच्या लष्करी युद्धखेळात निवाडा करणारा पंच असे. तो येथे वारशाने आला. मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ मध्ये व त्यानंतर आर्नेसन यांनी घडविलेला पालट वरकरणी लहान होता : सैन्याऐवजी खेळाडूच्या वाट्याला एकच व्यक्ती आली. पलटणीला इच्छा नसते, व्यक्तीला असते.

या व्यक्तीचे सहा गुण (शक्ती, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई, व्यक्तिप्रभाव) मूळ नियमांत तीन-तीन फासे टाकून ठरत; म्हणजे ३ ते १८ पर्यंतचा अंक. कादंबरीकार पात्राचे दोष निवडतो. येथे ते खेळाडूच्या पदरी पडतात.

प्रत्यक्ष खेळ बोलण्यातून घडतो. सूत्रधार सांगतो, 'समोर दगडी दार आहे. पलीकडे पाण्याचा आवाज येतो आहे.' एक खेळाडू म्हणतो, 'मी दाराला कान लावतो.' दुसरी म्हणते, 'मी मशाल विझवते.' येथे वाक्य उच्चारले की कथाविश्वात कृतीला आरंभ झालेला असतो. ती साधली की फसली, हे फासा सांगतो. 'सूत्रधार' हा शब्द मी सोयीपुरता वापरीत आहे. संस्कृत नाटकातील सूत्रधाराला शेवट ठाऊक असतो. येथील सूत्रधाराने योजलेल्या शेवटाकडे खेळाडूंना ओढत नेले तर खेळ मोडतो. कोकणातील दशावतारातही नट संवाद रंगमंचावरच रचतो. तथापि साम्य तेवढेच, कारण तेथे आख्यान ठरलेले असते व प्रेक्षकांच्या परिचयाचे असते.

मग फासा अनिवार्य मानावा काय? 'अँबर' (१९९१) हा खेळ फाशांवाचून चालतो. तेव्हा अनिवार्य आहे ती कोणा एकाची मालकी नसलेली फलनिष्पत्ती. फासा हे तिचे एक साधन होय.

अद्भुताचा प्रश्न वेगळा आहे. 'ट्रॅव्हलर' (१९७७) हा भूमिका-खेळ अंतराळात घडतो. म्हणजे भूमिका-खेळाला जादू लागतेच असे नाही. जेथे ती असते तेथे मात्र तिला मोजमाप लागते. उच्चारलेला मंत्र जादूगाराच्या स्मृतीतून पुसला जातो, ही जॅक व्हान्स यांच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) मधील कल्पना 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने उचलली, ती याच गरजेपोटी. अमर्याद सामर्थ्य असलेल्या पात्रापुढे पेच उभा राहत नाही. (आपल्या कथांतील वर आणि उःशाप अटींसह येतात, त्याचेही कारण बहुधा हेच असावे.)

साहित्याभ्यासकाची खरी अडचण पुढेच आहे : येथे संहिता कोणती? नियमपुस्तक हे व्याकरणासारखे. सूत्रधाराची टिपणे अपुरी. आणि घडलेली कथा बैठक उठताच विरते. गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी १९८३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेल्या समाजशास्त्रीय अभ्यासासाठी खेळणाऱ्या गटांत स्वतः भाग घेतला, यात पद्धतीचा एक संकेत आहे. २०१५ पासून 'क्रिटिकल रोल' या कार्यक्रमाद्वारे व्यावसायिक आवाज-कलावंतांचा खेळ प्रक्षेपित होऊ लागला. ते मुद्रण संहिता म्हणून अभ्यासता येईल. मात्र तेथे प्रेक्षक आला आहे, आणि खेळाडू आता एकमेकांबरोबरच त्याच्याशीही बोलतो आहे.