मुआय थाई प्रशिक्षणासाठी थायलंडचा दीर्घ मुदतीचा व्हिसा : कागदपत्रांची तयारी

मुआय थाई ही थायलंडची पारंपरिक युद्धकला आहे. ती थायलंडमध्ये राहून शिकू इच्छिणाऱ्या परदेशी नागरिकांना पर्यटकापेक्षा अधिक काळ तेथे राहता येईल असे व्हिसाचे दोन प्रकार उपलब्ध आहेत. एक म्हणजे २०२४ साली सुरू झालेला ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ (संक्षेपाने डीटीव्ही) आणि दुसरा म्हणजे ‘नॉन-इमिग्रंट ईडी’ हा शैक्षणिक व्हिसा. दोन्ही प्रकारांत अर्जदाराची प्रत्यक्ष मुलाखत बहुधा होत नाही. निर्णय मुख्यतः सादर केलेल्या कागदपत्रांवरून होतो. त्यामुळे प्रशिक्षण खरे आहे आणि थायलंडमध्ये काहीही न कमावता अर्जदार तेथे राहू शकतो, या दोन गोष्टी कागदपत्रांतून सिद्ध होणे आवश्यक असते.

पार्श्वभूमी

मुआय थाईमध्ये मुठी, कोपरे, गुडघे आणि नडग्या अशा आठ अवयवांचा वापर होतो. म्हणून तिला आठ अंगांची कला असे म्हटले जाते. लढतीपूर्वी खेळाडू ‘वाई क्रू राम मुआय’ हा वंदनविधी करतो. त्यातील ‘क्रू’ हा शिक्षकवाचक थाई शब्द संस्कृत ‘गुरू’ या शब्दापासून आला आहे. बँकॉकमधील राजदम्नेर्न (१९४५) आणि लुम्पिनी (१९५६) ही या खेळाची प्रसिद्ध क्रीडागृहे आहेत. २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मुआय थाईच्या जागतिक महासंघाला पूर्ण मान्यता दिली.

बँकॉक, फुकेत, चिआंग माई, पट्टाया इत्यादी ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांना शिकवणारी अनेक प्रशिक्षण केंद्रे आहेत. काही आठवड्यांच्या सरावासाठी पर्यटक म्हणून मिळणारी मुदत पुरते. भारतीय पारपत्रधारकांना जुलै २०२४ पासून ६० दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेश देण्यात आला. सहा महिने किंवा वर्षभर सलग शिकावयाचे असल्यास मात्र योग्य व्हिसा घ्यावा लागतो. वारंवार सीमेबाहेर जाऊन पर्यटक म्हणून परत येणाऱ्यास सीमेवरील अधिकारी प्रवेश नाकारू शकतात.

व्हिसाचे दोन प्रकार

डीटीव्ही : थायलंडच्या मंत्रिमंडळाने मे २०२४ मध्ये मंजूर केलेला हा व्हिसा १५ जुलै २०२४ पासून लागू झाला. दूरस्थ पद्धतीने काम करणारे, थाई संस्कृतीशी संबंधित उपक्रमांत भाग घेणारे आणि या दोहोंचे जोडीदार व अवलंबून असलेली मुले असे त्याचे तीन गट आहेत. मुआय थाईचे प्रशिक्षण दुसऱ्या गटात येते. थाई पाककलेचे शिक्षण, क्रीडा प्रशिक्षण आणि वैद्यकीय उपचार हेही त्याच गटात आहेत. व्हिसाची वैधता पाच वर्षे असून या काळात कितीही वेळा प्रवेश करता येतो. प्रत्येक प्रवेशावर १८० दिवसांपर्यंत राहता येते. त्यानंतर एकदा मुदतवाढीचा अर्ज करता येतो, परंतु ती मंजूर होणे अधिकाऱ्यांच्या निर्णयाधीन असते. मुख्य अर्जदाराचे वय किमान २० वर्षे असावे लागते. मूळ शुल्क १०,००० बाट ठरवण्यात आले असून प्रत्येक देशातील वकिलात ते स्थानिक चलनात आकारते.

नॉन-इमिग्रंट ईडी : हा विद्यार्थ्यांसाठीचा व्हिसा आहे. एकेरी प्रवेशाच्या व्हिसावर प्रथम ९० दिवस राहण्याची परवानगी मिळते. त्यापुढील मुदतवाढ थायलंडमधील इमिग्रेशन कार्यालयातून घ्यावी लागते आणि त्या वेळी हजेरी व प्रगतीविषयी संस्थेची कागदपत्रे मागितली जातात. मुदतवाढीसाठी संस्था शिक्षण मंत्रालयाची मान्यताप्राप्त असणे महत्त्वाचे ठरते. मुआय थाई शिकवणाऱ्या सर्वच केंद्रांना अशी मान्यता नसते. शिवाय मध्येच देशाबाहेर जावयाचे असल्यास आधी पुनर्प्रवेश परवाना घ्यावा लागतो. तो न घेता बाहेर पडल्यास मुक्कामाची उरलेली परवानगी संपुष्टात येते. एकेरी पुनर्प्रवेश परवान्याचे शुल्क १,००० बाट, तर अनेकवारचे ३,८०० बाट आहे.

पुरेशी बचत असलेल्या आणि ये-जा करू इच्छिणाऱ्या अर्जदारास डीटीव्ही सोयीचा ठरतो. बचत कमी असलेल्या, परंतु एकाच ठिकाणी राहून नियमित वर्ग करणाऱ्यास ईडी व्हिसा अधिक योग्य असतो.

कागदपत्रांची मांडणी

मागितलेली कागदपत्रे वेगवेगळी दिसली तरी ती तीन प्रश्नांची उत्तरे देत असतात : अर्जदार कोण आहे व सध्या कोठे आहे, तो काय व कोणाकडे शिकणार आहे, आणि त्याचा खर्च कसा भागणार आहे. डीटीव्हीसाठी सामान्यतः पुढील कागदपत्रे लागतात.

१. पारपत्राचे माहिती असलेले पान
२. गेल्या सहा महिन्यांत काढलेले छायाचित्र
३. अर्ज करताना अर्जदार ज्या देशात आहे, तेथील वास्तव्याचा पुरावा
४. किमान ५,००,००० बाट इतक्या आर्थिक क्षमतेचा पुरावा
५. प्रशिक्षण केंद्राचे स्वीकृतिपत्र

ईडी व्हिसासाठी यांखेरीज संस्थेच्या मान्यतेसंबंधीची कागदपत्रे लागतात. निरनिराळ्या वकिलाती अतिरिक्त कागदपत्रे मागू शकतात. म्हणून ज्या वकिलातीकडे अर्ज करावयाचा, तिचीच यादी प्रमाण मानावी. एका देशात अर्ज केलेल्या व्यक्तीचा अनुभव दुसऱ्या देशातील अर्जदारास लागू पडेलच असे नाही.

प्रशिक्षण केंद्राचे पत्र

मुआय थाईच्या आधारे केलेल्या अर्जात हे पत्र सर्वांत महत्त्वाचे असते. ‘आमच्याकडे प्रवेश दिला आहे’ एवढाच मजकूर असलेले पत्र अपुरे ठरू शकते. चांगल्या पत्रात विद्यार्थ्याचे पारपत्रातील पूर्ण नाव व पारपत्र क्रमांक, अभ्यासक्रमाच्या प्रारंभ व समाप्तीच्या तारखा, आठवड्यातील वर्ग व तास, शुल्काची रक्कम आणि केंद्राचा पूर्ण पत्ता असतो. ते केंद्राच्या नाममुद्रित कागदावर असून त्यावर जबाबदार व्यक्तीची स्वाक्षरी असते. सोबत केंद्राच्या व्यवसाय नोंदणीची प्रत, शुल्काची पावती आणि साप्ताहिक वेळापत्रक जोडल्यास पत्राला बळ मिळते.

पत्रातील कालावधी अर्जातील कालावधीशी जुळला पाहिजे. एका महिन्याच्या वर्गाचे पत्र जोडून दीर्घ मुक्कामाचा व्हिसा मागितल्यास शंका उपस्थित होते. थाई भाषेतील पावत्यांवर बहुधा बौद्ध संवताचे वर्ष असते आणि ते इसवी सनापेक्षा ५४३ ने अधिक असते. उदाहरणार्थ, २५६७ म्हणजे इसवी सन २०२४. इंग्रजी पत्र व थाई पावती एकत्र जोडताना तारखा जुळतात की नाही, हे असा हिशेब करून तपासावे.

प्रशिक्षण न देता केवळ पत्र विकणाऱ्या मध्यस्थांपासून सावध राहणे आवश्यक आहे. अधिकारी केंद्राशी संपर्क साधून खातरजमा करू शकतात, आणि खोटे कागदपत्र उघडकीस आल्यास त्याची किंमत पुढील अर्जांतही मोजावी लागते. शुल्क भरण्यापूर्वी केंद्राचा पत्ता, तेथे प्रत्यक्ष वर्ग चालतात का आणि व्हिसा नाकारला गेल्यास शुल्क परत मिळते का, हे लेखी विचारून घ्यावे.

आर्थिक क्षमतेचा पुरावा

डीटीव्हीसाठी लागणाऱ्या ५,००,००० बाटची रुपयांतील किंमत विनिमय दरानुसार बदलते. एका बाटला अडीच रुपये धरल्यास ती साडेबारा लाख, तर पावणेतीन रुपये धरल्यास पावणेचौदा लाख रुपये होते. दर बदलला तरी रक्कम कमी पडू नये, म्हणून खात्यात थोडी अधिक शिल्लक असलेली बरी.

या रकमेचा पुरावा म्हणून बँकेचे खातेविवरण दिले जाते. त्यावर खातेदाराचे नाव, खाते क्रमांक, व्यवहाराच्या तारखा आणि अखेरची शिल्लक स्पष्ट दिसावी. अर्जाच्या काही दिवस आधी अचानक मोठी रक्कम जमा झालेली दिसल्यास ती उसनी आणली असावी असा संशय येतो. ती घर विकून, मुदत ठेव मोडून किंवा सेवानिवृत्तीच्या वेळी मिळाली असल्यास तसा दस्तऐवज जोडावा. नोकरदाराने वेतनपत्रके, तर व्यावसायिकाने प्राप्तिकर विवरणपत्रे जोडणे उपयुक्त असते.

खर्च आई-वडील उचलणार असतील तर त्यांचे हमीपत्र, त्यांच्या खात्याचे विवरण आणि नाते सिद्ध करणारा जन्मदाखला अशी साखळी पूर्ण करावी लागते. यातील एक दुवा नसल्यास बाकीच्या कागदांचा उपयोग कमी होतो. हमीपत्र चालेल का, हे संबंधित वकिलातीकडून आधी विचारून घेणे हिताचे असते.

नावे व भाषांतरे

महाराष्ट्रातील अर्जदारांच्या कागदपत्रांत नावाची विसंगती ही नेहमीची अडचण असते. पारपत्रावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असते, बँकेत वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर असते, तर शाळेच्या दाखल्यावर आडनाव प्रथम लिहिलेले असते. परदेशी अधिकाऱ्यास ही तिन्ही एकाच व्यक्तीची नावे वाटतीलच असे नाही. पारपत्रातील नाव आधारभूत मानून प्रशिक्षण केंद्राचे पत्र व बँकेचे विवरण त्याच नावाने मागावे. विवाहानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदलले असल्यास विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंदीची प्रत जोडावी.

मराठी कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून मूळ प्रतीसह द्यावे. भाषांतरातही नावांची अक्षरे पारपत्राप्रमाणेच असावीत.

अर्ज करणे

अर्ज थायलंडच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या अधिकृत ई-व्हिसा संकेतस्थळावर करावा लागतो. भारतातील अर्जदारांसाठी ही पद्धत १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. नवी दिल्लीत थायलंडचा दूतावास आहे आणि मुंबईत वाणिज्य दूतावास आहे. महाराष्ट्रातील रहिवाशांचे अर्ज मुंबईच्या कार्यक्षेत्रात येतात. डीटीव्हीचा अर्ज करताना अर्जदार थायलंडच्या बाहेर असावा लागतो. अर्ज नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही. म्हणून व्हिसा हाती येण्यापूर्वी परत न मिळणारे विमान तिकीट काढणे, घरभाडे भरणे किंवा नोकरीचा राजीनामा देणे टाळावे.

थायलंडमध्ये पोहोचल्यावर

१ मे २०२५ पासून परदेशी प्रवाशांनी आगमनपत्र प्रवासापूर्वी तीन दिवसांच्या आत संगणकीय स्वरूपात भरणे बंधनकारक झाले आहे. परदेशी पाहुणा राहावयास आल्याची नोंद घरमालकाने किंवा हॉटेलने २४ तासांच्या आत करावयाची असते. ती टीएम-३० या नावाने ओळखली जाते. सलग ९० दिवसांहून अधिक काळ राहणाऱ्याने आपला पत्ता टीएम-४७ या प्रपत्राद्वारे कळवावा लागतो. या नोंदींच्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण मुदतवाढीच्या वेळी त्या मागितल्या जाऊ शकतात. हजेरी व शुल्काच्या पावत्याही त्यांच्याबरोबर ठेवाव्यात.

परवानगीपेक्षा अधिक काळ राहिल्यास दर दिवशी ५०० बाट, कमाल २०,००० बाट दंड होतो. ९० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहिल्यास दंडाखेरीज पुनर्प्रवेशावर बंदी येते.

मर्यादा

या दोन्ही व्हिसांमुळे थायलंडमध्ये नोकरी करण्याचा अधिकार मिळत नाही. शिकता शिकता इतरांना मोबदला घेऊन शिकवणे किंवा पैसे घेऊन लढतीत उतरणे हे काम ठरू शकते आणि त्यासाठी स्वतंत्र कामाचा परवाना लागतो. या व्हिसांमुळे कायम निवासाचा हक्कही आपोआप मिळत नाही. एका कॅलेंडर वर्षात १८० किंवा त्याहून अधिक दिवस थायलंडमध्ये राहणारी व्यक्ती तेथील करविषयक रहिवासी ठरते, याची नोंद दीर्घ मुक्कामाचे नियोजन करताना घ्यावी. प्रशिक्षणाचा काळ, बचत आणि परतीनंतरचे नियोजन यांचा मेळ घालून अर्ज केल्यास कागदपत्रांतही तोच मेळ दिसतो.