हवेली, हुनरशाळा, संग्रहालय

शिक्षणसंस्थेने स्वतःच्या इतिहासाचे संग्रहालय काढायचे ठरवले की त्यात काय मांडले जाणार हे बहुधा आधीच सांगता येते. दारात संस्थापकांचा अर्धपुतळा, मग प्राचार्यांच्या नाहीतर कुलगुरूंच्या तसबिरींची रांग, काचेच्या कपाटात पदवीदानाचा झगा, पायाभरणीची चांदीची थापी, ढाली-करंडक, आणि कोणी थोर पाहुणा येऊन गेला त्या दिवसाचा फोटो. यातले काही खोटे नसते. पण या साऱ्या ऐवजात शिकणे कुठे दिसते? ज्या कामासाठी संस्था उभी राहिली तेवढेच नेमके कपाटाबाहेर राहते. मला वाटते, संस्थेच्या आवाराचा इतिहास सांगायचा तर तिथे काय शिकवले गेले, कोणत्या पद्धतीने, आणि त्यातून विद्यार्थ्यांच्या हातून काय घडले, हे आधी मांडावे, पुतळे-तसबिरी त्यानंतर. हे म्हणणे तपासायला जयपूरइतके चांगले गाव नाही, कारण तिथली एक जुनी शाळाच आज संग्रहालय झालेली आहे.

जुन्या शहरात, किशनपोल बाजारात, पंडित शिवदीन यांची हवेली आहे. शिवदीन हे जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांचे गुरू, पुढे त्यांचेच दिवाण. रामसिंह १८३५ ते १८८० गादीवर होते. महाराजा कॉलेज १८४४चे, म्हणजे ते अल्पवयीन असतानाचे. राम निवास बाग त्यांच्याच काळातली, आणि स्वतः कॅमेरा हाताळणारा हा राजा होता. त्यांनी काढलेली हुनरशाळा या हवेलीत भरू लागली. तिच्या जन्माचे साल कोणी १८५७ सांगतात, तेव्हा नाव ‘मदरसा-ए-हुनरी’. कोणी १८६६ धरतात, म्हणजे इंग्रजी धर्तीच्या स्कूल ऑफ आर्टची घडी बसली तेव्हापासून. हा घोळ मला खटकत नाही. उलट दोन्ही सालांचे कागद शेजारी शेजारी मांडले तर दरबारी हुन्नरखान्याची वर्ग, हजेरी आणि परीक्षा असलेली शाळा कशी झाली हेच प्रेक्षकाला कळेल. चित्रकला, लाकूडकाम, मातीकाम, भरतकाम, इतकेच काय घड्याळदुरुस्तीही तिथे शिकवली जाई. सुरुवातीचे मुख्याध्यापक चक्क डॉक्टर होते: मिशनरी व्हॅलेंटाइन, नंतर लष्करी सर्जन द फाबेक. पुढे उपेंद्रनाथ सेन आले, आणि विसाव्या शतकात असितकुमार हलदार, शैलेंद्रनाथ डे अशी चित्रकार अवनींद्रनाथांच्या परंपरेतली बंगाली मंडळी. डे यांचे शिष्य रामगोपाल विजयवर्गीय पुढे या शाळेचे प्राचार्य झाले. आता ही शाळा राजस्थान स्कूल ऑफ आर्ट या नावाने दुसरीकडे भरते आणि हवेलीत २०१७पासून ‘म्युझियम ऑफ लेगसीज’ आहे. संग्राहकांनी दिलेली वस्त्रे, दागिने, दगडातले जडावकाम यांची देखणी दालने तिथे आहेत. इमारत वाचली, माणसे आत येऊ लागली, हे चांगलेच झाले. पण दालनांचा मुख्य विषय राजस्थानची कारागिरी हा आहे. ज्या खोल्यांत ती पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली त्या खोल्यांचा नाही.

या दोन विषयांत फरक किती, हे जयपूरच्या निळ्या भांड्यांवरून ध्यानात येईल. पर्यटकाला ‘ब्लू पॉटरी’ ही जयपूरची अस्सल वारसापरंपरा म्हणून विकली जाते. वस्तुस्थिती अशी की जयपुरात ती अभ्यासक्रमातून आली. बयान्याच्या दोन भावांनी निळ्या काचेचा मांजा लावून दरबारी पतंगबाजांचे पतंग कापले आणि खूश झालेल्या रामसिंहांनी त्यांना शाळेत शिकवायला ठेवले, ही दंतकथा. दुसरी हकिकत सांगते की कारागिरांना दिल्लीच्या उस्तादाकडे धाडून ती विद्या आणवली. कोणतीही खरी माना, वाट शाळेवरूनच जाते. या भांड्यांत कुंभाराची माती नसते. गारगोटीची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती आणि डिंक यांचा गोळा भिजवून मुरवायचा, चपातीसारखा थापून साच्यात बसवायचा, आत राख दाबून भरायची आणि साचा उपडा करायचा. गोळ्याला मातीचा चिवटपणा नसल्याने मोठे भांडे चाकावर एका दमात चढत नाही. तळ, पोट आणि गळा वेगवेगळे करून जोडावे लागतात. वाळल्यावर घासून अस्तर द्यायचे आणि त्यावर नक्षी काढायची. इथे शिकणाऱ्याची खरी कसोटी लागते: कोबाल्टचा रंग लावताना काळपट दिसतो, निळा होतो तो भट्टीतून निघाल्यावर. भट्टीही एकदाच, सुमारे ८०० अंशांची, त्यामुळे चूक झाली तर दुरुस्तीला दुसरी संधी नाही. म्हणजे जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही ती मनात धरून रंगवायचे, आणि ते शिकायला शेजारी उस्ताद लागतो. झगमगीत सुरई कपाटात ठेवून यातले काहीच कळत नाही. एकाच सुरईचे सहा टप्पे ओळीने मांडले, त्यात न भाजलेला काळ्या नक्षीचा एक आणि भट्टीत तडकलेला एक ठेवला, तर तीच सुरई शाळेचा इतिहास सांगू लागेल. शिवाय ही विद्या एकदा बुडता बुडता राहिली. विसाव्या शतकाच्या मध्याला ती जवळजवळ संपली होती. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि गायत्रीदेवींच्या पाठिंब्याने कृपालसिंह शेखावत यांनी तिला पुन्हा उभे केले, आणि त्यांचा हात तयार झाला होता शांतिनिकेतन आणि जपानमध्ये. परंपरा म्हणून जी मिरवली जाते ती दोनदा शिकून घ्यावी लागली.

यावर कोणी म्हणेल की शिकणे कपाटात ठेवता येत नाही, वस्तू ठेवता येते. हा आक्षेप मोलाचा आहे. त्याचे उत्तर जयपूरनेच १८९० साली छापून ठेवले आहे. राज्याच्या बांधकाम खात्याचे प्रमुख स्विंटन जेकब यांनी त्या वर्षापासून ‘जेपोर पोर्टफोलिओ ऑफ आर्किटेक्चरल डिटेल्स’ काढायला सुरुवात केली. १९१३पर्यंत त्याचे बारा भाग झाले. दिल्ली, आग्रा, फत्तेपूर सिक्री, आमेर अशा ठिकाणच्या जुन्या इमारतींचे तपशील मोजून काढलेली ही रेखाटने. ती काढणारे हात जयपूरच्या तरुणांचे, आणि देखरेख लाला रामबक्ष यांची, जे पुढे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवू लागले. भागांची विभागणी राजा, काळ किंवा गाव पाहून केलेली नाही. एका भागात जोती, एकात खांब, एकात तोडे, एकात कमानी, एकात झरोके. पाने बांधलेली नाहीत, सुटी आहेत. दहा इमारतींच्या दहा कमानी टेबलावर पसरायच्या, ताडून पाहायच्या, हवी ती उचलून गवंड्याकडे न्यायची, असा त्यामागचा हिशेब. पुस्तक कपाटात शोभण्यापेक्षा कामाच्या जागेवर धुळीने मळावे म्हणून ते असे केले. एक पान उचलून पाहिले तरी शिकवण्याची रीत समजते: आधी मोज, मग मापात काढ, मग ताड, मग निवड.

त्याच जेकबने बांधलेल्या अल्बर्ट हॉलचा पाया ६ फेब्रुवारी १८७६ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सने घातला. संग्रहालय म्हणून तो १८८७ साली उघडला. ते उभे करणारे टॉमस होल्बाइन हेंडली हेही डॉक्टरच. (जयपूरच्या कलेच्या इतिहासात डॉक्टरांची ही गर्दी कोणीतरी एकदा नीट तपासायला हवी.) हेंडलींचा उद्देश उघड होता: कारागिराने यावे, उत्तम नमुने पाहावेत, परत जाऊन आपले काम सुधारावे. १८८३चे जयपूर प्रदर्शन हा त्याच उद्योगाचा भाग. भिंतींवर ‘रझ्मनामा’ या फारसी महाभारतातल्या चित्रांच्या मोठ्या प्रती काढवल्या, पितळी ढालींवर महाभारताचे प्रसंग कोरवून घेतले, धंद्यांच्या मातीच्या मूर्ती करवल्या. मग वेगळे शाळेचे संग्रहालय कशाला, अल्बर्ट हॉल आहेच की, असे कोणी विचारील. फरक असा की अल्बर्ट हॉल शिकणाऱ्यासाठी नमुना मांडतो, शिकणाऱ्याने त्या नमुन्याचे काय केले हे मांडत नाही. आज तिथली गर्दी ममी पाहायला जाते, आणि त्यात गर्दीचा दोष नाही. नमुन्याशेजारी त्यावरून केलेले काम नसेल तर नमुना ही नुसती जुनी वस्तू होऊन बसते.

दुसरा आक्षेप अधिक तिखट आहे. या शाळा साहेबाच्या. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या हुन्नर होते त्यांना ‘ड्रॉइंग’ शिकवायला परदेशी डॉक्टर बसले. मग या उपद्व्यापाचे स्मारक कशाला? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे, आणि म्हणूनच पुरावा समोर हवा. १८८६च्या लंडनमधल्या प्रदर्शनासाठी जयपूरहून एक लाकडी दरवाजा गेला. आराखडा जेकब आणि हेंडलींचा, कोरीवकाम शेखावाटीच्या सुतारांचे, आणि नक्षी करताना त्यांना बरीच मोकळीक दिलेली. तो ‘जयपूर गेट’ आज इंग्लंडमध्ये होव्हच्या संग्रहालयाबाहेर उभा आहे. साहेबाने किती ठरवले आणि सुताराने किती, हे भाषणाने सुटत नाही. आराखडा आणि कोरीवकाम शेजारी ठेवल्यावर सुटते. डे यांच्या वॉशपद्धतीने जयपूरच्या जुन्या कलमेला बळ दिले की तिची ओळख पुसली, हा वादही तसाच. तोही विद्यार्थ्यांच्या कागदांवरच तपासता येईल.

असे कागद जपले नाहीत तर काय होते हे मुंबईने भोगले आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टही १८५७चे. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२पासून १८८५पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करवल्या. पेस्तनजी बमनजी, जगन्नाथ अनंत अशी नावे त्या कामात आहेत. प्रती लंडनला रवाना झाल्या आणि १८८५च्या आगीत त्यांतल्या पुष्कळ जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्याच प्रतींचा घासही १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीने घेतला होता. उरलेल्या प्रती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. लेण्यांतली चित्रे पुढे आणखी झिजली, तेव्हा विद्यार्थ्यांचा तो सराव अभ्यासकांना साक्षीदार म्हणून कामी आला. वर्गातल्या कामाला इतिहास मानायचे ते असे.

जिथे हाताने काही घडवले जात नाही, त्या विद्यापीठाने काय करावे? जयपूरचेच विद्यापीठ घ्या. ८ जानेवारी १९४७ रोजी ते राजपुताना विद्यापीठ म्हणून स्थापन झाले. म्हणजे स्वातंत्र्याआधी, आणि राजस्थान हे राज्य जन्माला येण्याच्याही दोन वर्षे आधी. पहिले कुलगुरू आपले रँग्लर ग. स. महाजनी, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. त्यांची तसबीर लावून खाली तारखा लिहिल्या की मराठी पाहुण्याला क्षणभर बरे वाटेल, पण कळणार काही नाही. त्याऐवजी मांडावे असे तिथे पुष्कळ आहे: तोवर आग्रा विद्यापीठाला जोडलेल्या, वेगवेगळ्या संस्थानांतल्या महाविद्यालयांचे जुने अभ्यासक्रम, आणि त्यांच्या शेजारी नव्या विद्यापीठाचे पहिले अभ्यासक्रम आणि पहिल्या प्रश्नपत्रिका. राज्य नकाशावर यायच्या आधी ‘राजपुताना’ नावाचा एक विद्यार्थीवर्ग कसा तयार होत गेला हे त्या कागदांत दिसेल. १९५६ साली नाव ‘राजस्थान विद्यापीठ’ झाले. नाव बदलले त्या वर्षीची जुन्या आणि नव्या नावाची प्रमाणपत्रे एका काचेखाली ठेवायला खर्च तो किती येणार?

खर्चाचा प्रश्न मात्र नेहमी पुढे केला जातो: विद्यार्थ्याला रंग नाहीत, ग्रंथालयाला पुस्तके नाहीत, आणि संग्रहालयाचे डोहाळे. पुतळा, संगमरवर आणि प्रकाशयोजना यांच्या संग्रहालयाबद्दल ही तक्रार रास्त आहे. हजेरीपटांना, सरावाच्या कागदांना, तुटक्या साच्यांना लागते ती कोरडी खोली, नोंदवही आणि नोंद ठेवणारा एक माणूस. भीती वेगळीच वाटते. संस्था स्वतःचे प्रदर्शन मांडते तेव्हा नापासांचे, बंद पडलेल्या वर्गांचे, संपाच्या वर्षांचे काय होते? ते गळते. घड्याळदुरुस्तीचा वर्ग का बंद पडला, भांड्यांची विद्या बुडत होती तेव्हा शाळा काय करत होती, हे प्रश्न संस्थाचालकांच्या समितीला सुचण्याचा संभव कमी. त्यासाठी मांडणी ठरवताना शाळेतून शिकून बाहेर पडलेले कारागीर आणि निवृत्त शिक्षक बसलेले हवेत, आणि कपाटात काय ठेवायचे नाही याची यादी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवलेली हवी.